मुका माज

शेतकऱ्यांच्या बोलीत ‘मुका माज’ असा एक शब्द आहे. गाय माजावर आली की साऱ्या गोठ्याला कळते. ती हंबरते, दावे ओढते, शेजारच्या गाईवर उडते, काचेसारखा स्वच्छ सोट लोंबू लागतो. म्हशीचे तसे नाही. तिचा माज बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. दुसऱ्या म्हशीवर उडणे तिच्यात क्वचितच दिसते. सोट लोंबण्याऐवजी आत साठतो आणि ती बसली की थोडासा जमिनीवर पडतो. वरचेवर लघवी करणे, वैरण अर्धवट टाकणे, धारेच्या वेळी पान्हा चोरणे एवढ्याच काय त्या खुणा. ज्याची नजर रोज त्या एका जनावरावर असते त्यालाच त्या दिसतात. नाहीतर माज निघून जातो आणि पुन्हा २१ दिवस वाट पाहावी लागते. रेड्याला मात्र बरोबर कळते. म्हणून जुने गवळी म्हशीला ‘रेडा दाखवून’ आणत.

मुंबईच्या तबेल्यांत शंभराहून अधिक वर्षे हजारो म्हशी आल्या. त्या उत्तम दुधाच्या होत्या, महागाच्या होत्या, आणि त्यांतल्या फार थोड्या पुन्हा गाभण राहिल्या. ज्या शहरात पश्चिम भारतातले पहिले पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, त्याच शहरात म्हशीचे प्रजनन थांबले. हे कसे घडले, ते अज्ञानाने घडले की हिशेबाने, हा माझ्या शोधाचा विषय आहे. माझे उत्तर हिशेबाच्या बाजूचे आहे, पण तिथे जाण्याआधी थोडी शरीरशास्त्राची वाट चालावी लागेल.

गिरगावापासून सुरुवात करू, कारण तिथल्या नावांतच गुरे दडलेली आहेत. गायवाडी तर उघडच आहे. थोडे पुढे गवालिया टँक. गवळी आपली गुरे धुण्या-पाजण्यासाठी आणत तो तलाव. १९४२ च्या ऑगस्टनंतर या जागेची ओळख साफ बदलली आणि तलाव तर त्याआधीच बुजला होता. चर्नी रोड या नावाची एक कथा अशी सांगितली जाते की, सरकारने चराईवर कर बसवला तेव्हा सर जमशेटजी जिजीभॉय यांनी स्वतःच्या पैशाने ठाकुरद्वाराजवळची किनाऱ्यालगतची जमीन घेऊन गुरांना मोकळी केली. त्या ‘चरणी’वरून चर्नी. ठाण्याच्या चेंदणीतून आलेल्या वस्तीवरून हे नाव पडले, अशी दुसरीही व्युत्पत्ती आहे. नावाचा निकाल काही लागो, जमशेटजींनी अमीचंद शहा यांच्यासह १८३४ मध्ये भुलेश्वरला पांजरपोळ सुरू केली ही नोंद पक्की आहे. म्हणजे भाकड, लंगड्या, म्हाताऱ्या जनावराचे काय करायचे हा प्रश्न या भागाला गिरण्यांच्याही आधीपासून पडलेला होता. पांजरपोळीने त्याचे जे उत्तर दिले ते प्रामुख्याने गाईसाठी होते. म्हैस दयेच्या यादीत नेहमीच थोडी खाली राहिली.

चराईची जमीन गेली आणि गुरे दावणीला आली. गिरण्या वाढल्या, परळ-लालबाग भरले, आणि दुधाची मागणी म्हशीकडे वळली. कारण साधे आहे. गाईच्या दुधात साधारण चार टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात सहा ते आठ. चहाला रंग येतो, दही घट्ट लागते, आणि गवळ्याने पाणी घातले तरी दूध दुधासारखे दिसते. माझी आजी लालबागच्या चाळीत दाराशी येणाऱ्या दूधवाल्याला म्हणे, ‘‘पाणी घाल बाबा, पण म्हशीचंच घाल.’’ शहराच्या दुधाचे सारे अर्थशास्त्र या वाक्यात आहे असे मला वाटते.

तबेल्याचा धंदा असा चाले. मालक गुजरातेतून मेहसाणी, सुरती, जाफराबादी म्हैस आणी, नाहीतर पंजाब-हरियाणाकडची मुऱ्हा. ती नुकतीच व्यालेली, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, भरदुधाची असे. आठ-दहा महिने तिची धार काढायची. दूध आटत आले की दोन वाटा. एक, तिला वेळेवर भरवलेले असेल तर भाकड काळ पोसून पुढच्या वेताची वाट पाहायची. दोन, तिला खाटकाला विकून तिच्या जागी नवी व्यालेली म्हैस बांधायची. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, ‘दहा महिने दहा दिवस’. व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांत ती फळली तरच वर्षा-सव्वा वर्षाचे वेत साधते. शहरात दावणीची जागा मोजकी, वैरण गाडीने किंवा आगगाडीने येणार, पाणी नगरपालिकेचे. दूध न देणारी म्हैस त्या जागेवर उभी राहिली की ती रोज तोट्यात जाते. शिवाय गाभण म्हशीचे दूध शेवटच्या महिन्यांत लवकर उतरते. त्यामुळे गाभ राहणे ही खेड्यात आनंदाची बातमी, तर तबेल्यात नुकसानीची. ज्या माजावर रेडा दाखवायचाच नाही तो माज ओळखणार कोण आणि कशाला? रेडा पाळायचा म्हणजे आणखी एक दावण अडवायची. मग बहुतेक ठिकाणी तो नसेच.

डॉ. लेम्युएल लुकस जोशी यांनी १९१६ मध्ये भारतीय शहरांच्या, विशेषतः मुंबईच्या, दूधप्रश्नावर पुस्तक लिहिले. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने शेतीबरोबर गुरांचाही विचार केला, आणि १९३७ मध्ये डॉ. नॉर्मन राइट यांनी देशातील गुरे व दूधव्यवसाय यांवर अहवाल दिला. त्या काळच्या जाणकारांचे दुखणे एकच होते. मोठी शहरे खेड्यांतली निवडक दुभती जनावरे ओढून घेतात, आणि एका वेतानंतर ती कत्तलखान्यात संपतात. उत्तम म्हशीची वगार, म्हणजे तिची तरुण मादी, वाढतच नाही. खेड्याकडे राहतात त्या मधल्या दर्जाच्या. मुंबईची म्हैस बांद्र्याला आणि १९७० नंतर देवनारला गेली, तेव्हा तिच्याबरोबर मेहसाण्याच्या एखाद्या गोठ्याची वाणाची पुंजीही गेली.

पारड्यांचे हाल तर सांगायलाच नकोत. तबेल्यात पारडू दूध पिऊन नफा खाते. रेडकू असो की पारडी, ते लवकरच मरे किंवा मरू दिले जाई. पण म्हैस हट्टी. पारडू ढुसण्या देत नसेल तर ती पान्हा सोडत नाही. मग पेंढा भरलेले कातडे पुढे उभे करणे हा एक उपाय होता. दुसरा उपाय ‘फुका’. योनीत नळीने किंवा तोंडाने हवा फुंकायची, किंवा शेपूट आत कोंबायची. या दुसऱ्या प्रकाराला ‘दूमदेव’ म्हणत. हे करताच आवळलेले आचळ मोकळे होई आणि दूध येई.

हा प्रकार आपल्याकडचाच नव्हे. हिरोडोटसने आपल्या चौथ्या ग्रंथात सिथियन लोकांचे वर्णन केले आहे: त्यांचे गुलाम हाडाच्या नळ्यांनी घोडीच्या योनीत हवा फुंकतात आणि दुसरा माणूस तेवढ्यात धार काढतो. अडीच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राकाठी जे चालत होते ते विसाव्या शतकात मुंबईत चालू होते. ते का चालते याचे उत्तर १९४० च्या सुमारास मिळाले. गर्भाशयाचे तोंड ताणले गेले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन सोडते, हे फर्ग्युसनने १९४१ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवले. हेच संप्रेरक कळा आणते आणि हेच आचळातील दूध खाली ढकलते. म्हणजे फुका मारणारा माणूस म्हशीच्या शरीराला रोज दोनदा ती वीत असल्याचा भास देत होता. असल्या अवयवाकडून पुन्हा गर्भ धरण्याची अपेक्षा कोण करील? हवेबरोबर घाण आत जाई, गर्भाशयाला सूज येई, माजाचे चक्र बिघडे. पण त्या जनावराला गर्भ धरायचाच नव्हता. म्हणून मालकाच्या वहीत या नुकसानीचा रकाना कधी उघडलाच नाही.

कायद्याने मात्र तो उघडला. १८९० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याचे नाव घेऊन बंदी आहे. १९३८ मध्ये तो भाग कडक झाला. १९६० च्या नव्या कायद्यातल्या बाराव्या कलमात फुका आणि दूमदेव दोन्ही नावांनिशी आले. हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि जनावर सरकारजमा. त्याच कलमात दूध वाढवण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या अपायकारक पदार्थाचाही उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना पुढचे पाऊल दिसत होते म्हणायचे.

गांधीजींच्या दूधत्यागाच्या मुळाशी हीच गोष्ट होती. कलकत्त्याकडचे गवळी गाई-म्हशींचा कसा छळ करतात याविषयीचे वाङ्मय त्यांच्या वाचनात आले आणि १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८-१९ च्या दुखण्यात मुंबईच्या डॉ. दलालांनी दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही असे सांगितले, आणि कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, म्हणून शेळी चालली. पण अक्षर पाळले आणि आत्मा मोडला ही बोच त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही. १९१७ ते १९३४ या काळात ते मुंबईत उतरत ते मणिभवन गावदेवीत आहे, गवालिया टँकपासून हाकेच्या अंतरावर. मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट लक्षणीय वाटते. पुढे शेळी प्रसिद्ध झाली, गाईचा प्रश्न देशव्यापी झाला, आणि ज्या म्हशीचे दूध मुंबई पीत होती ती पुन्हा मागेच राहिली.

आता परळ. मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था निघाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच्या शेजाराने १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. लष्करातून आलेला हा पशुवैद्य घोड्यांच्या आणि खेचरांच्या रोगांचा जाणकार होता. ‘सर्रा’ रोगाच्या अभ्यासात त्याचे नाव आजही येते. त्या काळचे पशुवैद्यक घोड्याभोवती फिरे हे स्वाभाविकच होते. मुंबईच्या ट्रामही घोडे ओढत, आणि घोडा लंगडला तर शहर थांबे. म्हशीची पाळी आली ती बुळकांड्यासारख्या साथीत, कारण साथ एका रात्रीत तबेला रिकामा करते. वांझपणाला साथ नसते. त्याचा आवाज होत नाही. तोही मुकाच.

प्रजनन हा विषय अभ्यासक्रमात मानाने आला तो बऱ्याच उशिरा, आणि तो आला तेव्हा जगभर या विषयात मोठी उलथापालथ चालू होती. १९२७ मध्ये बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांना गर्भवती स्त्रीच्या लघवीत बीजांडकोश जागा करणारे संप्रेरक सापडले. १९३० मध्ये कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांना तसाच गुण गाभण घोडीच्या रक्तद्रवात सापडला. भारतात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दूधशाळेत कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग झाला, आणि १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषिसंस्थेत कृत्रिम रेतनातून म्हशीचे पहिले पारडू जन्मले. म्हणजे माज आणता येतो, रेड्याशिवाय म्हैस फळवता येते, ही दोन्ही ज्ञाने स्वातंत्र्याच्या आधीच हाताशी होती.

पण माज आणणे आणि गाभ राहणे यात अंतर असते. ते अंतर सर्वांत स्वच्छ दाखवले ते म्हशीने नव्हे, डुकरिणीने. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे जनावर अनपेक्षित वाटेल. आपल्याकडे डुक्कर म्हणजे गावकुसाबाहेरचे, वडार-कैकाड्यांच्या पालाशी दिसणारे. गिरगावच्या खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन घरांत लग्नकार्याला शिजणारे. आणि सरकारी पातळीवर बोरिवलीच्या बेकन कारखान्यापुरते. त्याच्या प्रजननाची चिंता आपल्या मध्यमवर्गाने कधी वाहिली नाही. युरोप-अमेरिकेत मात्र तरुण मादी पहिल्यांदा माजावर कधी येते आणि तिला किती पिल्ले होतात यावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. तिचे माजचक्र म्हशीसारखेच २१ दिवसांचे. गाभणकाळ ११४ दिवसांचा, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस. एका माजात ती दहा-पंधरा बीजांडे सोडते, त्यामुळे खाण्यात किंवा वागवण्यात केलेला बदल लगेच मोजता येतो. म्हशीत एकच बीजांड. तिथे हे दिसायला वर्षे लागतात.

डुकरिणीवरच्या प्रयोगांतून तीन गोष्टी कळल्या. पहिली आहाराची. माजाच्या आधीचे दहा-पंधरा दिवस तरुण मादीचा खुराक वाढवला तर सुटणाऱ्या बीजांडांची संख्या वाढते, विशेषतः आधी तिला बेताने खाऊ घातले असेल तर. पण फळल्यानंतरही तोच भरपेट खुराक चालू ठेवला तर अनेक प्रयोगांत उलटेच झाले, पोटातले गर्भ अधिक संख्येने मेले. जास्त खाण्याने यकृतातून रक्त जास्त वाहते आणि गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन लवकर निघून जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे प्रश्न किती घातले एवढाच नाही, केव्हा घातले हाही आहे. दुसरी गोष्ट नराची. नॉटिंगहॅमच्या ब्रुक्स आणि कोल यांनी १९७० मध्ये दाखवले की, साडेपाच महिन्यांच्या सुमारास तरुण माद्यांची वयात आलेल्या नराशी गाठ घालून दिली तर त्यांचा पहिला माज लवकर येतो. नराच्या लाळेतल्या वासाचा त्यात मोठा वाटा असतो. पोरसवदा नर उपयोगाचा नाही, कारण त्याच्या लाळेत तो वास अजून उतरलेला नसतो. हे वाचताना मला आपला रेडा दाखवून आणणारा गवळी आठवला. त्याने शोधनिबंध लिहिला नव्हता एवढेच.

तिसरी गोष्ट सुईची. गाभण घोडीच्या रक्तद्रवातील संप्रेरकाची ४०० एकके आणि गर्भवतीच्या लघवीतील संप्रेरकाची २०० एकके एकत्र टोचली की वयात न आलेली डुकरीणही चार-सहा दिवसांत माजावर येते. पण त्यांतल्या काही पुढचे चक्र धरतच नाहीत. शरीर तयार नसताना बोलावलेला माज येतो आणि निघून जातो, जागा तशीच रिकामी.

एक गंमत या परळमध्येच घडली. पशुवैद्यक महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर मानवी प्रजननावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि तिच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी शास्त्रीय नोंदींसह भारतातील नलिकाबालक जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांचे ते काम. बीज पक्व करण्यासाठी गर्भवतीच्या लघवीतील तेच संप्रेरक माणसातही वापरले जाते. एकाच रस्त्यावर मूल हवे असलेली बाई आणि गाभ नको असलेली म्हैस, दोघींसाठी एकच औषध ठाऊक होते. मागणी एकीसाठीच होती.

डुकरिणीचे हे धडे तबेल्याला लावून पाहिले की चित्र स्पष्ट होते. तबेल्यातल्या म्हशीला उपाशी ठेवत नसत. सरकीची पेंड, तुरीची-हरभऱ्याची चुणी, भुसा असे भारी आंबोण तिला मिळे, कारण त्यातून दूध उतरते. मिळत नसे ते हिरवे. हिरव्या चाऱ्यातून येणारे कॅरोटिन आणि खनिजांचा समतोल हे दोन्ही माजाशी निगडित आहेत, आणि वाळल्या कडब्यावर ते भागत नाही. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा माज यायला हवा, तेव्हा दूध इतके ओढले जाते की खाल्लेले पुरत नाही. दूध उतरल्यावर तोच खुराक अंगावर चढतो, आणि तोवर खाटकाला वजन हवेच असते. वेळ उलटी पडली. त्यात रेड्याचा वास नाही, चालणे नाही, डुंबायला पाणी नाही. उन्हाळ्यात तर म्हशीचा माज आधीच मंदावतो. दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, ती माजावर येऊ लागते आणि थंडीत फळते. मग पुढच्या पावसाळ्यापासून थंडीपर्यंत विते.

या एका जैविक गोष्टीने मुंबईच्या दुधाचा इतिहास घडवला, हे सहसा कोणी सांगत नाही. १९४५ मध्ये खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध येऊ लागले. १९४६ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सहकारी संघ काढला. थंडीत त्यांच्याकडे दुधाचा पूर येई आणि मुंबईची योजना ते सारे उचलत नसे. उन्हाळ्यात मुंबई दूध मागे आणि म्हशी आटलेल्या. त्या हिवाळी दुधाचे काय करायचे यातून १९५५ मध्ये आणंदचा भुकटीचा कारखाना उभा राहिला, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही हा परदेशी तज्ज्ञांचा समज ह. मे. दलाया यांनी खोटा ठरवला. त्या दुधाला पूर आणणारी घड्याळाची किल्ली म्हशीच्या बीजांडकोशात होती.

मुंबईने स्वतःचा उपाय शोधला तो आरेचा. दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून गोरेगावच्या टेकड्यांत वसाहत उभी राहिली, आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, तीसेक गोठे, सोळा हजारांच्या आसपास जनावरे, आणि हिरव्या पॅरा गवताची शेती. शहराच्या गल्लीतले तबेले उठून इथे यावेत हा हेतू. खुरोडींना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. आरेने म्हशीला हवा दिली, हिरवा चारा दिला, वैद्य दिला. पण गोठा सरकारी आणि म्हैस खाजगी अशी ती व्यवस्था होती. भाकड काळाचा खर्च कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मालकाचाच असे राहिले, आणि मालक जुन्याच पद्धतीने हिशेब करत राहिला. पुढे १९७६ मध्ये शहरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला, आणि तबेले पालघरकडे दापचरीला नेण्याच्या योजना आखल्या गेल्या. खुरोडींचा प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. त्याने दूध सुधारले. म्हशीचे वेत मात्र सुधारले नाही, कारण तिच्या दुसऱ्या वेतासाठी कोणी किंमत लावली नव्हती.

दरम्यान फुका नाहीसा झाला. कायद्याने जितका गेला त्याहून अधिक तो रसायनशास्त्राने गेला. १९५३ मध्ये विन्सेंट दु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रसूतिगृहात रक्तस्राव थांबवून या औषधाने अगणित बायकांचे प्राण वाचवले. काही वर्षांत तेच औषध बिनलेबलच्या बाटल्यांतून तबेल्यांत पोचले. नळी गेली, सुई आली. रोज दोनदा. १९५९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि हॅन्सेल यांनी कालवडींना माजचक्राच्या पहिल्या आठवड्यात रोज ऑक्सिटोसिन टोचून पाहिले होते. २१ दिवसांचे चक्र आठ-बारा दिवसांवर आले. माज आला, पण अवेळी. दुधासाठी टोचलेले औषध माजाच्या घड्याळात कसे हात घालते ते तेव्हापासून छापलेले आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या खाजगी उत्पादनावर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण प्रसूत होणाऱ्या बाईला ते औषध मिळाले नाही तर काय, हा प्रश्न म्हशीच्या प्रश्नाहून मोठा होता. न्यायालयाचे बरोबरच होते. प्रश्न औषधाचा नव्हताच.

शास्त्र थांबलेले नाही. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला ‘बाएफ’ सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दाराशी नेले. १९९० मध्ये कर्नालला नलिकेतून म्हशीचे पारडू जन्मले, नाव ठेवले ‘प्रथम’. मुका माज बोलता करायला आज संप्रेरकांची वेळापत्रके आहेत. परळच्या महाविद्यालयातून शिकून गेलेले पशुवैद्य ती खेडोपाडी वापरतात, आणि उपचाराआधी खनिजमिश्रण व हिरवा चारा लिहून देतात. डुकरिणीचा धडा त्यांना पाठ आहे.

शहरात म्हैस ठेवायची तर हेच होणार, असे म्हणणाऱ्यांना मी कोल्हापूरला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पाठवतो. तिथे गवळी म्हशी चालवत गावात आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून धारोष्ण दूध पेल्यात देतात. तालमीतली पोरे ते तिथेच उभ्याने पितात. म्हैस बहुधा पंढरपुरी: लांब तलवारीसारखी शिंगे, अंगाने आटोपशीर, दुधाने मुऱ्हाहून कमी. पण ती जवळजवळ दर वर्षी विते, अशी तिची ख्याती आहे. ती रोज चालते, तिचा मालक रोज तिच्याबरोबर चालतो, आणि तिची वगार घरीच गोठ्यात वाढत असते, कारण पुढच्या वर्षी कट्ट्यावर तिलाच आणायचे असते.